स्ट्रीट फायटर ६ : मॉडर्नला शिव्या कशाला, खरा घोळ ड्राइव्ह रशचा आहे

उशिरा_ब्लॉक

परवा रँकमधे (ऑनलाइन क्रमवारीच्या सामन्यांत) एक मॅच जिंकलो तर समोरच्याने मेसेज टाकला, "एक बटण दाबून कोणीही जिंकेल". अरे बाबा, माझ्या नावाशेजारी क्लासिकचं चिन्ह होतं (क्लासिक म्हणजे सहा बटणांची जुनी पद्धत, मॉडर्न म्हणजे शॉर्टकटवाली सोपी), सहाच्या सहा बटणं वापरून हरवलं तुला, ते तरी बघायचं. पण यावरून कळतं लोकांचं डोकं कुठे अडकलंय ते. हरलं की मॉडर्न, जिंकलं की आपलं कौशल्य.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. मॉडर्न कंट्रोल हा या गेमचा प्रॉब्लेम नाहीच. प्रॉब्लेम ड्राइव्ह रश आहे, त्याच्यामुळे पात्र कोणतंही घ्या, शेवटी खेळ एकच होतो.

या मारामारीच्या गेमला ज्यांनी हात लावला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. दर राउंडला दोघांनाही ड्राइव्ह गेजचे सहा कप्पे भरलेले मिळतात, कमवावे लागत नाहीत. ओव्हरड्राइव्ह (म्हणजे जोर वाढवलेल्या) मूव्हला दोन जातात, ड्राइव्ह इम्पॅक्टला (मार सोसून मारायचा जबर फटका) एक, पॅरी करून (फटका अडवायचं बटण दाबून) पुढे सुसाट सरकलात (हाच तो रश) तर एक, आणि चालू फटका अर्ध्यात तोडून सरकलात तर तीन. गेज संपला की बर्नआउट, म्हणजे ब्लॉक केलं तरी स्पेशल मूव्हने लाइफ झिजते आणि ब्लॉकमधून सुटायला चार फ्रेम (एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) जास्त लागतात. खिसा पहिल्यापासून भरलेला, उधळायचं की जपायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. जून २०२३ मधे गेम आला तेव्हा मी स्वतः याच्या प्रेमात होतो.

पण रशमधून मारलेल्या नॉर्मल फटक्याला वरून चार फ्रेमचा फायदा फुकट मिळतो. म्हणजे एरवी जो फटका ब्लॉक झाला की तुमची पाळी संपायची, तोच रशमधून मारला की पाळी परत तुमचीच. मग लांबून अंदाज घेत, एक पाऊल पुढे एक मागे करत खेळायचं कशाला? धाव, मार, ब्लॉक झालं तरी पाळी माझी, आता फटका की थ्रो (ब्लॉकने न अडणारी पकड), लाव अंदाज.

कोपऱ्यात तर विचारूच नका. कालचाच राउंड सांगतो. पाठ भिंतीला, एक थ्रो खाल्ला, लाइफमधले १२०० गेले. उठतोय तोवर तो पुन्हा चिकटलेला. आता थ्रो तोडायला बटणं दाबली आणि तो अर्धं पाऊल मागे सरला की माझा थ्रो हवेत आणि त्याचा पूर्ण कॉम्बो (एकात एक गुंफलेले फटके) माझ्या अंगावर. नाही दाबली तर अजून १२००. पॅरी धरली तर थ्रो पॅरीला खातोच आणि वर पनिश काउंटर (चुकीची जादा शिक्षा) म्हणून २०४० जातात. उडी मारली तर उठतानाच जोरदार फटका. तीन वेळा एकच प्रश्न, तिन्ही वेळा माझं उत्तर चुकलं, संपला राउंड. समोर केन होता की ल्यूक होता हे मला आता आठवतही नाही आणि माझा मुद्दा तोच आहे.

सहा_बटणं

नाचता येईना अंगण वाकडं. तीनदा चुकीचा अंदाज लावलास आणि दोष रशला?

आणि मॉडर्नला एवढ्या सहज सोडू नकोस. मी गाइल खेळतो, सोनिक बूम (लांबून फेकायचा मारा) टाकणं हेच माझं पोटपाणी. क्लासिकवाल्यासमोर बूम टाकली तर त्याला ती दिसणार, मग स्टिक दोनदा पाव-वर्तुळ फिरवून बटण, तेवढ्यात मी ब्लॉकला मोकळा. मॉडर्नवाल्याचं काय? दिशा आणि दोन बटणं, सुपर (गेज भरल्यावरचा सगळ्यात जबर मूव्ह) बाहेर. डोळ्यांना दिसलं की हात चालला. वरून उडी मारून आलो तर पुढे आणि एक बटण, शोर्युकेन (वर उसळणारा ठोसा). चूक व्हायला जागाच नाही. शॉर्टकटने मारलं की डॅमेज २० टक्के कमी होतं म्हणे. मी मेलेलो असताना २० टक्क्यांचं काय लोणचं घालू?

त्या मूव्हचं अवघडपण हीच तिची किंमत होती. ती किंमत माफ केली की तिच्याभोवती जे जे बेतलेलं असतं ते सगळं हलतं.

अर्धवर्तुळ_जमेना

मी मॉडर्न खेळते. माझं मनगट दोन वर्षांपूर्वी गेलं, क्लासिकवर अर्धा तास खेळले की अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जाते. पण सहानुभूती नकोय, गेमबद्दलच बोलते.

सहा_बटणं दादा, तुमच्याकडे सहा बटणं आहेत तशी माझ्याकडे तीन आहेत, हलका मध्यम जोराचा. पंच वेगळा किक वेगळी असं काही नाही. म्हणजे माझ्या पात्राचे कितीतरी नॉर्मल फटके मॉडर्नमधे अस्तित्वातच नाहीत. तुम्ही जो लांब पल्ल्याचा फटका सहज फेकता तो माझ्याकडे असेलच असं नाही. गाइलची बूम दिसल्यावर सुपर मारते, बरोबर, पण त्याला सुपर गेज लागतो आणि तो भरेपर्यंत मी तुमच्या बुमा खातच पुढे येते ना.

शिवाय २० टक्के फक्त शॉर्टकटला कापले जातात. मॉडर्नवरही तोच मूव्ह हाताने फिरवून काढला तर पूर्ण डॅमेज मिळतं. कॉम्बोत मी हाताने फिरवते, घाईत असले की शॉर्टकट. हे शिकायला मला चार महिने लागले. "एक बटण" म्हणणाऱ्यांनी एकदा आठवडाभर मॉडर्न खेळून दाखवावं, कुठे अडकता ते कळेल. ऑटो कॉम्बो तर विसराच, तो कोणालाही तोंडपाठ असतो आणि ब्लॉक झाला की मार ठरलेला.

जुना_खेळिया

वाचतोय मघापासून, आता राहवत नाही. मंडळी, हे भांडण जुनंच आहे, फक्त नाव बदलतं.

१९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मधे कॉम्बो हा प्रकारच कोणी ठरवून घातला नव्हता. एक फटका दुसऱ्यात मिसळतोय हे नंतर लक्षात आलं आणि तसंच ठेवून दिलं. आज कॉम्बोशिवाय फायटिंग गेमची कल्पना करून दाखवा. १९९९ ला थर्ड स्ट्राइक आला, त्यात पॅरी. फटका लागायच्या क्षणी स्टिक पुढे टिचकवायची, खालचा फटका असेल तर खाली. तेव्हाही हेच म्हणत होते, की फायरबॉल टाकणाऱ्यांचं कंबरडं मोडलं, सगळे एकसारखे खेळायला लागले. आणि २००४ च्या इव्होमधे (फायटिंग गेमची मोठी स्पर्धा) दाइगो नावाच्या खेळाडूने केनच्या अंगात रक्ताचा थेंब उरलेला असताना चुन-लीच्या सुपरचे पंधराच्या पंधरा फटके पॅरी केले ते आजही लोक डोळे विस्फारून बघतात. तीच पॅरी, जिच्यामुळे गेम बिघडला म्हणत होते.

आता सहामधली पॅरी बघा. बटण धरून ठेवायचं, वरचा खालचा काही विचार नाही, सगळं अडतं. सोपी केली म्हणून मी सुरुवातीला वैतागलो होतो. पण थ्रो तिला खातो, धरून ठेवली तर गेज झिजतो, आणि परफेक्ट पॅरीला पहिल्या दोनच फ्रेम आहेत. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे तीसावा भाग सेकंदाचा. बरं, परफेक्ट जमली तरी पुढच्या कॉम्बोचं डॅमेज निम्मं. कोणीतरी नीट बसून विचार केलाय यावर.

उशिरा_ब्लॉक, तुझा थ्रोचा त्रास मला मान्य. पण "पात्र कोणतंही घ्या खेळ एकच" हे नाही पटत. मी मॅनन खेळतो. तिच्या पकडीने प्रत्येक वेळी मेडल वाढतं, पाचव्या पातळीला नेलं की एकेका पकडीत समोरच्याचा जीव जातो, आणि मेडल राउंड संपला तरी जात नाही. म्हणजे पहिला राउंड हरूनही मी दुसऱ्यात जास्त धोकादायक असतो. उलट जेमी, तो प्यायला की बळ येतं पण नवा राउंड सुरू झाला की पुन्हा शुद्धीवर. ही दोन पात्रं सारखी कशी रे?

उशिरा_ब्लॉक

काका, मेडल आणि जेमीची बाटली मान्य. पण मेडल मिळवायला तुम्ही जवळ कसे जाता? रश मारून. जेमी प्यायल्यावर काय करतो? रश. तोच तर माझा मुद्दा आहे, घर वेगवेगळं पण दार एकच. स्ट्रीट फायटर पाचमधे बाकी हजार दोष असतील पण प्रत्येकाचं व्ही-स्किल वेगळं होतं, व्ही-ट्रिगर वेगळा होता (पात्राची खास हत्यारं). समोर कोण आहे त्यावर माझं डोकं बदलायचं. इथे पहिला विचार एकच, रश कधी येणार.

सहा_बटणं

पाचची आठवण काढतोस? व्ही-ट्रिगर लावला की दोन मिनिटांचा शहाणपणा दहा सेकंदात पाण्यात. काही पात्रांचा व्ही-ट्रिगर अख्खं दुकान आणि काहींचा म्हणजे नुसता दिवा लागायचा. सहामधे निदान सगळ्यांना सारखी हत्यारं मिळतात. कमजोर पात्राकडेही इम्पॅक्ट आहे, पॅरी आहे, ब्लॉकमधून सुटायला रिव्हर्सल आहे. मला तर हे जास्त न्याय्य वाटतं. आणि एकदा शिकलं की कोणत्याही पात्राला लागू, नवं पात्र उचलताना अर्धा अभ्यास आधीच झालेला असतो.

बघ, मीच आता तुझ्या ड्राइव्हची बाजू घेतोय. मॉडर्न सोडून बाकी गेम मला आवडतो हाच तर घोळ आहे.

एकटाच_बरा

तुमचं सगळं फ्रेम फ्रेम चाललंय, मी वेगळ्याच गावचा. मी ऑनलाइन जवळजवळ खेळतच नाही, तेव्हा उंटावरून शेळ्या हाकतोय असं वाटलं तर वाटू दे.

पाच आला फेब्रुवारी २०१६ मधे तेव्हा मी पहिल्या दिवशी घेतला आणि उघडून बघतो तर आर्केड मोडच नाही. फायटिंग गेममधे आर्केड मोड नाही! एकेक करून कॉम्प्युटरला हरवत शेवटच्या बॉसपर्यंत जायचं, जे लहानपणापासून करत आलोय, ते नाही. ते मिळालं जानेवारी २०१८ ला आर्केड एडिशनमधे. दोन वर्षं. तोवर मी विकूनही टाकला होता.

म्हणून सहाचं खरं कौतुक मला वर्ल्ड टूरचं (एकट्याने खेळायचा मोड) आहे. स्वतःचं पात्र बनवा, मी तर जिराफासारखी मान आणि एवढेसे पाय असलेला एक गडी बनवलाय, मेट्रो सिटीत रस्त्यावर दिसेल त्याला आव्हान द्या, डोक्यावर खोके घातलेले गुंड बडवा. पहिला गुरू ल्यूक, मग एकेकाला गाठून शिष्य व्हायचं आणि त्यांचे मूव्ह आपल्या गड्यावर चढवायचे. झँगीफची पकड आणि चुन-लीची लाथ एकाच अंगात.

आणि ते पिझ्झाचं काम! दुकानात पिझ्झा बनवायचा मिनीगेम आहे, ऑर्डर येते तशी खाली, खाली-पुढे, पुढे असं फिरवून बटण दाबायचं. हसत हसत खेळलो आणि तासाभराने लक्षात आलं की माझं पाव-वर्तुळ न चुकता निघतंय. इतकी वर्षं ट्रेनिंग मोडमधे घाम गाळून जे आलं नाही ते पिझ्झ्याने शिकवलं. अर्धवर्तुळ_जमेना ताई, तुमच्या मनगटाला झेपेल का माहीत नाही पण बघा.

सहा_बटणं

वर्ल्ड टूर मीही संपवला आणि रँकमधे जाऊन तोंडावर आपटलो. तिथे लेव्हल वाढवली की कसंही खेळून जिंकता येतं. शत्रू येतात चौघे चौघे, ब्लॉक करायची सवय लागत नाही, औषध घेतलं की लाइफ परत. पंचवीस तास खेळून मला अँटी-एअर (उडी मारून येणाऱ्याला पाडणं) करायची अक्कल आली नव्हती. वर पात्रांचा दुसरा पोशाख हवा तर गुरूची मर्जी राखत बसा नाहीतर कॉइन मोजा. शिकवायचा मोड म्हणून ठेवलाय तर शिकवा ना नीट.

एकटाच_बरा

मला रँकमधे जायचंच नाहीये हो. प्रत्येक मोड म्हणजे ऑनलाइनचा बालवर्ग असा समज कोणी करून दिला तुमचा? वर्ल्ड टूर रटाळ होतो हे मान्य, मधले कितीतरी तास इथून तिथे निरोप पोचवण्यात जातात आणि शेवट तर काय कळलाच नाही. पण तो माझा खेळ आहे, तुमच्या खेळाची शिकवणी नाही.

जुना_खेळिया

एकटाच_बरा यांचं बरोबर आहे, आणि एक सांगतो, एकट्याने खेळणारे आहेत म्हणून आपल्याला ऑनलाइन माणसं मिळतात. सगळेच पहिल्या दिवसापासून रँकमधे मार खायला आले असते तर महिन्यात गेम ओस पडला असता.

धडपड्या

मी टेकनवाला (तोही फायटिंग गेमच), उगाच डोकावतोय. तुम्ही रशला शिव्या घालताय, आमच्याकडे येऊन बघा. टेकन ८ मधे हीट (थोडा वेळ जोर वाढवणारी अवस्था) लावली की समोरचा अंगावरच, वर पाच पन्नास मूव्ह असे की अंदाज चुकला की अर्धी लाइफ. एप्रिल २०२५ च्या सीझन २ च्या अपडेटनंतर तर लोक एवढे भडकले की घाईघाईने दुरुस्त्या सोडाव्या लागल्या. निदान तुमचा रश दिसतो तरी, हिरवा झोत येतो, पाहून एक हलका फटका टाकून थांबवता येतो. आम्हाला तेवढंही नशीब नाही.

उशिरा_ब्लॉक

"पाहून थांबवता येतो" हे कागदावर. ड्राइव्ह इम्पॅक्टचं उदाहरण घे, तो यायला २६ फ्रेम, म्हणजे सेकंदाचे जेमतेम चार दशांश. नुसतं त्याचीच वाट बघत बसलास तर उलट इम्पॅक्ट मारून आरामात पकडशील, नंतर मारणारा जिंकतो हा नियमच आहे. पण त्याच वेळी तुला उडी बघायची आहे, फायरबॉल बघायचाय, थ्रो बघायचाय आणि त्यातच रश. डोळे दोन, बघायच्या गोष्टी सहा. मी इम्पॅक्टला मार खातो तो हळू आहे म्हणून नाही, माझं डोकं रशकडे लागलेलं असतं म्हणून. बर्नआउटमधे भिंतीला असताना तो ब्लॉक केला तरी स्टन, मग डोक्याभोवती चांदण्या आणि मी हातात कंट्रोलर धरून प्रेक्षक.

अर्धवर्तुळ_जमेना

मग ट्रेनिंग मोडमधे बसा ना उशिरा_ब्लॉक. डमीला रश, इम्पॅक्ट आणि उडी तिन्ही रेकॉर्ड करायचं आणि आलटून पालटून सोडायचं. मी रोज मॅचच्या आधी दहा मिनिटं करते. पहिल्या आठवड्यात दहातले दोन पकडले, आता सहा-सात. खाली फ्रेमची पट्टी दिसते, त्यात आपण किती उशिरा बटण दाबलं तेही कळतं. तुमच्या नावातच उशीर आहे म्हणा 😄

जुना_खेळिया

एक करू. उशिरा_ब्लॉक, आज रात्री कस्टम रूम लाव. दोघांनीही रश वापरायचा नाही, शब्दावर. दहा विजय आधी जो गाठेल तो. बघू खेळ किती वेगळा होतो ते.

उशिरा_ब्लॉक

लावतो. साडेनऊला.

उशिरा_ब्लॉक

झालं खेळून. काका १०, मी ६.

प्रामाणिकपणे सांगतो. मधल्या पल्ल्यात खेळ खरंच बदलला. काका चालत चालत येत होते, मी लांबचा फटका टाकून अडवत होतो, दोघंही वीस वीस सेकंद नुसते एकमेकांचे पाय बघतोय. पहिले पाच सामने मला इतकी मजा आली की बोलायची सोय नाही. ४-१ पुढे होतो मी.

मग काकांनी मला कोपऱ्यात गाठायला सुरुवात केली. तिथे रश नव्हताच, तरी पकडीमागून पकड खाल्ली, थ्रोनंतर नुसता एक डॅश मारून चिकटायचं तेवढं पुरलं त्यांना. वर मेडल पाच. म्हणजे माझ्या पहिल्या पोस्टमधला कोपऱ्याचा किस्सा मी रशच्या नावावर खपवला तो चुकीचा होता, तो थ्रोचा प्रश्न आहे, वेगळा धागा काढावा लागेल. पण मधल्या पल्ल्याबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही, उलट आज जास्त पटलं.

जुना_खेळिया

मधे एकदा माझ्या हातून सवयीने रश निघाला होता, तो राउंड तुला सोडला हेही लिही की.

उशिरा_ब्लॉक

हो, लिहायचं राहिलं. तो सहावा विजय तिथूनच आला.

अर्धवर्तुळ_जमेना

उद्या मलापण घ्या. मॉडर्न चालणार असेल तर.

सहा_बटणं

चालेल. पण सुपर हाताने फिरवून काढायचा.